मुलाच्या शर्टावरची काळी पावडर

पत्राचा सारांश: रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून ५३ वर्षांच्या आईचं पत्र आलं आहे. त्यांचा २६ वर्षांचा मुलगा डिप्लोमा करून दोन वर्षं घरी बसून होता. आठ महिन्यांपूर्वी त्याला जवळच्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या कारखान्यात नोकरी लागली. तिथे बोटींचे आणि यंत्रांचे भाग बनतात. ‘नॅनोट्यूब’ नावाची काळी पावडर वजन करून रेझिनमध्ये, म्हणजे पुढे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, मिसळायची, हे त्याचं काम. संध्याकाळी घरी येतो तेव्हा बाह्या काळ्या, नाक शिंकरलं तरी काळं. या ताईंच्या सासऱ्यांनी मुंबईत अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात २२ वर्षं काढली आणि गावी परतल्यावर दम्याने नव्हे, नुसत्या दम लागण्याने ते गेले. ‘नॅनोट्यूब म्हणजे नवं अ‍ॅस्बेस्टॉस’ असा एक व्हिडिओ मोबाइलवर आल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, कार्बन आहे तो. पेन्सिलीत असतो तोच. तुझ्या न्हाणीतल्या चुलीचा धूर याहून वाईट.’ एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. त्या रोज त्याला गुळाचा खडा देतात. त्यांचा प्रश्न आहे: त्याला नोकरी सोडायला लावू, की गप्प बसू?

ताई,

‘सासरे शेवटची दोन वर्षं पडवीतल्या खांबाला टेकून, पोटाशी उशी धरून, बसल्या बसल्याच झोपायचे,’ असं तुम्ही लिहिलंय. ज्या बाईने हे रात्ररात्र पाहिलं, तिला मुलाच्या रुमालावर काळं दिसलं की धडकी भरणारच. सासऱ्यांना काम लागलं तेव्हा त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि आजार वर आला तो काम सुटल्यावर. हे तुम्ही जवळून पाहिलंय, म्हणून घरात सगळ्यात आधी तुम्ही दचकलात. ती भीती वेडी नाही.

तरी ‘नवं अ‍ॅस्बेस्टॉस’ हे शब्द जरा बाजूला ठेवू, आणि ‘पेन्सिलीतलाच कार्बन’ हेही. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. पण त्यांतल्या एकावरही भरवसा ठेवून घरातला एवढा मोठा निर्णय घेऊ नये.

आधी मुलाचं म्हणणं बघू. पेन्सिलीचं शिसं कार्बन, हंड्याच्या बुडाची काजळी कार्बन, हिराही कार्बनच. फुफ्फुसाला पदार्थाच्या नावाशी देणंघेणं नसतं. कण केवढा आहे, त्याचा आकार कसा आहे आणि आत गेल्यावर तो विरघळतो का, यावर पुढचं ठरतं. नॅनोट्यूब म्हणजे कार्बनची पोकळ नळी. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये तिचं वर्णन केलं आणि जगाचं लक्ष तिकडे वळलं. आपला केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. ही नळी काही नॅनोमीटरांपासून पन्नास-शंभर नॅनोमीटरांपर्यंत. लांबी मात्र जाडीच्या शेकडो, कधी हजारो पट. म्हणजे ती धूळही आहे आणि तंतूही.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी ‘नायॉश’ ही सरकारी संस्था आहे. टायर काळे करणारी जी कार्बन ब्लॅक, तिच्यासाठी या संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे एका घनमीटर हवेत साडेतीन मिलिग्रॅम, म्हणजे ३,५०० मायक्रोग्रॅम. नॅनोट्यूबसाठी तिने २०१३ मध्ये सुचवलेली मर्यादा आहे फक्त १ मायक्रोग्रॅम. दोन्ही कार्बनच, पण साडेतीन हजार पटींचा फरक. ‘पेन्सिलीतलाच’ हे उत्तर इथे संपतं.

१ मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे तुमच्या स्वयंपाकघरातच समजेल. बारीक मिठाचा एक दाणा साधारण ५०-६० मायक्रोग्रॅमचा असतो. आठ तासांच्या पाळीत माणूस अंदाजे १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे मर्यादेच्या काठावर काम केलं तरी दिवसभरात आत जाणारी पावडर मिठाच्या एका दाण्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको. आणि ही मर्यादासुद्धा ‘एवढ्याने काही होत नाही’ अशी नाही. त्या काळी हवेत भरवशाने मोजता येईल असा सगळ्यात कमी आकडा म्हणून ती धरलेली आहे. आता त्या काळ्या बाह्या डोळ्यांसमोर आणा. बाहीला लागलेली सगळी पावडर श्वासात गेली असं नाही, ती हाताने पुसलेलीही असेल. पण पावडर भांड्यात राहत नाही, बाहेर येते, एवढं त्या बाह्या नक्की सांगतात.

नाकात काळं येतं ते मोठ्या गुठळ्यांचं. या नळ्या एकमेकींत गुंततात, त्यांचे पुंजके होतात, आणि मोठे पुंजके नाकातच अडकतात. काळजी असते ती नाक चुकवून वायुकोशांपर्यंत पोचणाऱ्या बारीक कणांची. वायुकोशांत साफसफाईसाठी भक्षक पेशी असतात. आलेला कण त्या गिळतात आणि वाहून नेतात. पेडव्याचे बारीक काटे आपण भाकरीबरोबर चावून गिळून टाकतो, पण मोठ्या माशाचा लांब काटा घशात आडवा बसला की ना आत जात ना बाहेर येत. भक्षक पेशीचं तसंच होतं. तंतू ताठ असेल आणि १५-२० मायक्रॉनांपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असेल, तर तो पेशीत मावतच नाही. पेशी धडपडत राहते, तिच्यातली जहाल द्रव्यं आजूबाजूला सांडतात, सूज येते, आणि ती सूज बसलीच नाही तर तिथे वण धरतो. वण धरलेलं फुफ्फुस ताणलं जात नाही. तुमच्या सासऱ्यांचा श्वास पुरा पडत नव्हता, तो याच कारणाने.

व्हिडिओवाल्याने अ‍ॅस्बेस्टॉसचं नाव घेतलं ते इथून. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लांब, ताठ नॅनोट्यूब उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या आणि तिथे अ‍ॅस्बेस्टॉससारखीच सूज व गाठी दिसल्या. पण त्याच प्रयोगात आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही, आणि हे व्हिडिओत सहसा सांगत नाहीत. पुढे जपानमध्ये एका विशिष्ट जातीच्या नॅनोट्यूबचा धुरळा उंदीरवर्गातल्या प्राण्यांना दोन वर्षं श्वासातून दिला, तेव्हा त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला. ती जात म्हणजे ‘एमडब्ल्यूसीएनटी-७’. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये ती ‘माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेली’, म्हणजे २ब या गटात टाकली. बाकीच्या नॅनोट्यूबबद्दल पुरावा अपुरा म्हणून त्यांचं वर्गीकरण केलं नाही. अ‍ॅस्बेस्टॉस मात्र पहिल्या गटात आहे. तिथे माणसांत सिद्ध झालंय, हजारो कामगारांच्या जिवावर.

नॅनोट्यूबने माणसाला आजार झाला, असं अजून सिद्ध झालेलं नाही. हाताळणाऱ्या कामगारांच्या रक्तात आणि थुंकीत सुजेच्या, वण धरण्याच्या खुणा वाढलेल्या काही अभ्यासांत दिसल्या आहेत. पण हा उद्योग तरुण आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचे आजार वर यायला २० ते ४० वर्षं लागतात. म्हणून ‘अजून कुणाला काही झालेलं नाही’ या वाक्यावर मी निर्धास्त होणार नाही, आणि तुम्हीही होऊ नका. कार्बनचे सगळेच नॅनोकण सारखे नसतात, हेही खरं. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये १४ निरोगी स्वयंसेवकांना ग्राफीन ऑक्साइडचे अतिपातळ, शुद्ध कण दोन तास श्वासातून दिले, तेव्हा लगेच दिसणारा घातक परिणाम आढळला नाही. ते पापुद्रे होते, ताठ तंतू नव्हेत. आणि दोन तास म्हणजे नोकरी नव्हे.

एवढं सांगितल्यावर आता तुमच्या दोन आधारांबद्दल बोलायला हवं. ते काढून घेताना मला वाईट वाटतंय.

गूळ. खडीच्या खाणीपासून गिरणीपर्यंत धुळीत काम करणाऱ्या माणसांच्या घरात ही समजूत मी पाहिली आहे. पण गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून फुफ्फुसात. घशाची खवखव थांबेल, वायुकोशातला कण जागचा हलणार नाही. मायेने द्या, पण ‘गूळ खातो म्हणजे ठीक आहे’ असं त्याच्या किंवा तुमच्या मनात बसू देऊ नका.

एक्स-रे. आठ महिन्यांत तो स्वच्छच येणार. वण बराच धरल्याशिवाय साध्या एक्स-रेत दिसत नाही. त्याहून उपयोगाची आहे फुंकर मारायची तपासणी, स्पायरोमेट्री. काही ठिकाणी पीएफटी म्हणतात. तीही आजचा आजार शोधायला नव्हे, तर आजचा आकडा लिहून ठेवायला करायची. दरवर्षी तीच करायची आणि आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. उतार लागला की तो आधी तिथे दिसतो. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, ‘मी नॅनोट्यूब आणि रेझिनचं काम करतो.’ गर्दीच्या ओपीडीत कामाबद्दल विचारायला कुणाला सवड नसते. आणि तो सिगरेट ओढत असेल, तर इतर काहीही करण्याआधी ती बंद. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांत धूम्रपानाने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसला आहे.

कागद सांभाळा, हे सासऱ्यांमुळे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितलं, की प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यांतलं जे उशिराचं असेल तोवर जपली पाहिजे. कशासाठी, तर आजार उशिरा येतो आणि तोवर कागद उरत नाही म्हणून. मुलाच्या पावडरसाठी असा निकाल नाही. त्याची फाइल त्यानेच करायची: कामाच्या तारखा, कुठलं काम, पावडरचं नाव, तपासण्यांचे आकडे. पावसाळ्यात ओल धरणार नाही अशा डब्यात ठेवा.

आता नोकरीचा प्रश्न. ‘सोडायला लावू की गप्प बसू’ असं तुम्ही विचारलंय, जणू मध्ये काही नाहीच. मध्ये बरंच आहे. हीच पावडर रेझिनमध्ये भिजून घट्ट झाली की तिच्यापासून धोका खूप कमी होतो. कोरडी असताना, पिशवी उघडताना, वजन करताना, ओतताना आणि भांडं झाडताना ती उडते. दिवसातला तोच अर्धा-पाऊण तास महत्त्वाचा. तेवढा वेळ बदलला तर नोकरी बदलावी लागेलच असं नाही.

म्हणून त्याला ‘सोड’ म्हणू नका. आई घाबरली की मुलं सांगायचं बंद करतात. रात्री जेवण झाल्यावर विचारा, ‘सकाळी गेल्यापासून तू काय काय करतोस ते सांग मला. पिशवी कुठे उघडतोस? कशाने काढतोस? पंखा कुठे असतो?’

पंख्याचं मुद्दाम विचारा. किनाऱ्यावरच्या फायबरच्या एका शेडमध्ये मी मे महिन्यात गेलो होतो. उकाड्याने जीव नको झालेला, म्हणून वजनकाट्याच्या मागेच उभा पंखा लावलेला. पत्र्याच्या भोकातून एक कवडसा आत आला होता आणि मुलगा चमच्याने पावडर काढत होता. कवड्शाबाहेर हवा अगदी निर्मळ दिसत होती. कवड्शात मात्र काळा धूर वळत वळत थेट त्या मुलाच्या तोंडाकडे जात होता, आणि तिथून पलीकडे फायबरची मॅट कापणाऱ्या दोघांकडे. त्यांना वाटत होतं, आपण पावडरचं काम करतच नाही. तुमच्या मुलाला सांगा, एकदा दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च आडवा धर आणि वजन करताना बघ. दिसलं की त्याला पटवावं लागणार नाही.

पण सगळ्यात आधी एक साधी गोष्ट: ती पावडर खरंच नॅनोट्यूब आहे का? कारखान्यात एखादं नाव पडतं आणि चालू राहतं. पिशवीवरच्या लेबलचा फोटो काढायचा आणि मालाबरोबर येणारी ‘सेफ्टी डेटा शीट’ मागायची. साधी कार्बन ब्लॅक असेल तर काळजी घ्यायचीच, पण सासऱ्यांची आठवण इतकी जवळ आणायला नको. नॅनोट्यूब असेल तर नळ्यांची जाडी-लांबी त्या कागदावर बहुधा असते. लांब आणि ताठ असतील तर गाफील राहायचं नाही. धोकादायक मालाची माहिती मागणं हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. उपकार मागतोय असं वाटून घेऊ नये. एकट्याने मागू नये, दोघा-तिघांनी मिळून मागावी.

मालकाकडे काय मागायचं, याचाही क्रम आहे, आणि मास्क त्यात शेवटचा. पहिली मागणी कोरडी पावडर बंद करण्याची. हाच माल रेझिनमध्ये आधीच मिसळलेल्या घट्ट लगद्याच्या रूपात मिळतो, त्याला मास्टरबॅच म्हणतात. महाग पडतो, पण निम्मं भांडण तिथेच मिटतं. ते जमलं नाही तर वजन बंद पेटीत किंवा हवा ओढून ती हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीतून नेणाऱ्या हुडखाली करायचं. झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. घासकाम पाणी मारून करायचं. आणि सुटी झाल्यावर हवेचा पाइप अंगावर मारून कपडे झटकायची जी सवय सगळीकडे आहे, ती आजच बंद. झटकलेलं सगळं त्याच खोलीत, त्याच नाकांत जातं.

मास्कबद्दल उलटसुलट बोललं जातं, की कण इतके बारीक म्हणजे एन-९५ काय अडवणार? अडवतो. या मास्कची परीक्षा ०.३ मायक्रॉनांच्या आसपासच्या, सगळ्यात निसटत्या कणांवर घेतात. त्याहून बारीक कण इतके थरथरत फिरतात की धाग्यांना आपटून चिकटतात. मास्क हरतो तो कडेने. दाढी वाढलेली असेल, नाकावरची पट्टी दाबलेली नसेल, घामाने तो लोंबत असेल, तर हवा फटीतून येते. आपल्या दमट हवेत एन-९५ दुपारपर्यंत भिजतो. वजनाच्या कामापुरता नवा घालावा, जमल्यास रबराचा, बदलत्या गाळणीचा अर्धमुखी मास्क घ्यावा. रुमाल आणि सर्जिकल मास्क इथे कामाचे नाहीत. रेझिनचा जो उग्र वास येतो, त्यात बहुतेकदा स्टायरिन हे रसायन असतं. एन-९५ ते अडवत नाही, त्याला कोळशाची गाळणी लागते. स्टायरिनही कर्करोगाच्या दृष्टीने २अ गटात, म्हणजे ‘एमडब्ल्यूसीएनटी-७’च्याही वरच्या गटात आहे. व्हिडिओत त्याचं नाव नसेल.

आणि आता तुमच्याबद्दल, ताई. तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘त्याचे कपडे मी वेगळे काढून आधी अंगणात झटकते, मग दगडावर धुते.’ सासऱ्यांचे कपडेही कधीकाळी असेच कुणीतरी झटकले असतील. अ‍ॅस्बेस्टॉसच्या इतिहासात कारखान्याचं तोंडही न पाहिलेल्या, फक्त नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायकांना त्याच धुळीने कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत. झटकू नका. कामाचे कपडे कामावरच बदलून यावेत हे उत्तम. घरी आणलेच तर पिशवीतून थेट पाण्याच्या बादलीत बुडवायचे, भिजल्यावरच हात लावायचा, आणि इतरांचे कपडे त्यात नकोत. त्याने आधी अंघोळ करावी, मग जेवावं, मग घरातल्या भाचीला उचलून घ्यावं.

मुलाचं चुलीबद्दलचं म्हणणं तुम्हाला लागलं असेल. पण त्यात तो चुकलेला नाही. नारळाची सोडणं आणि चुडतं (सालं आणि वाळलेल्या झावळ्या) जळताना जो धूर निघतो, त्यात कार्बनचे नॅनो आकाराचे कण भरपूर असतात. घरातल्या अशा धुराने २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. न्हाणीतली चूल बाहेर पडवीला घ्या, किंवा तिला धुराडं काढा. सकाळी खोकला येतो तो ‘वयाचा’ असं तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिलंय. मला तो चुलीचा वाटतो. तुमचीही फुंकर तपासून घ्या. मुलाबरोबर एकाच दिवशी जा. ‘मी तुझ्यासाठी येते, तू माझ्यासाठी चल’ म्हटलं की तो टाळणार नाही.

सोडायची वेळ कधी? मी गणपतीपर्यंतची मुदत धरीन. तोवर लेबल आणि डेटा शीट हाती यावी, पंखा हलावा, झाडू आणि हवेचा पाइप बंद व्हावा आणि मास्क मिळावा. यांना फारसा पैसा लागत नाही. हुड किंवा मास्टरबॅचला दिवाळीपर्यंत थांबता येईल, तोवर वजनाच्या कामावर आळीपाळी करावी. कागद दाखवायलाच मालक नकार देत असेल, तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी कळवावं. आणि तरीही कोरडी पावडर पंख्यापुढेच उघडली जात असेल, तर मुलाने नोकरी सोडावी, आणि तेव्हा तुम्ही त्याला अपराधी वाटू देऊ नये. दोन वर्षं घरी बसल्याचं ओझं त्याच्याही डोक्यावर असणार. फायबरचं काम येणाऱ्या हाताला या किनाऱ्यावर बोटींचं काम मिळतं.

लेबलचा फोटो मिळाला की या सदराच्या पत्त्यावर पाठवा. कारखान्याचं नाव झाकून पाठवलंत तरी चालेल, पावडरचं नाव आणि आकडे दिसले पाहिजेत. त्यावर काय लिहिलंय ते मी तुम्हाला ओळीने समजावून सांगेन.